पॉइंट अडुसष्ट

चासी उलटी केली
आणि आधी सापडली ती शेंगाचटणी,
स्क्रूच्या आट्यांत अडकलेला एक लाल कण.
मग धूळ, मग झाळाची जुनी राळ,
मग पत्र्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीतलं अक्षर,
तेलुगू वळणाचं मराठी:
‘अंबय्या येलदी, साखर पेठ, ८१. बिल बाकी.’

गिऱ्हाईक पुण्याचं.
म्हणतं, आवाज चावतो, खालचा सूर येतच नाही,
मृदंग डब्यासारखा वाजतो,
काय ते ओरिजिनल करून द्या.

पहिल्या व्हॉल्व्हचा कॅथोड शोधला.
दीड हजार ओहमचा रेझिस्टन्स. ठीक.
त्याला लागून पंचवीस मायक्रोफॅरडचा जाडा कंडेन्सर हवा,
तिथं बोटाच्या पेराएवढा एक पिवळा:
पॉइंट अडुसष्ट.

चुकून लावलेला नाही.
मला हे त्यांनीच शिकवलेलं,
वीस वर्षं माग चालवून मग इस्त्री सोडून
हातात झाळायची कांडी धरलेल्या माणसानं.
‘ताण्याच्या रुळाला मागं दगड टांगतो का नाही बे?
ह्यो रेझिस्टन्स म्हणजे तो दगड.
कापड पुढं जेवढं ओढंल, तेवढं ह्यो मागं ओढतो.
काढलास तर ताणा सैल, व्हॉल्व्ह लाल होऊन मरंल.
नुस्ता ठेवलास तर आवाज अर्धा,
पण पोत सरळ.
कंडेन्सर म्हणजे दगडाखाली धरलेला हात.
मोठा हात सगळी ओढ झेलतो.
बारका हात नुस्ते हिसके झेलतो,
संथ ओढीला दगड तसाच लोंबतो.’

मग कुठला हात लावायचा?
‘ऐकणार कोण, त्यावर हाय,’ म्हणाले
आणि बाहेर चहा सांगायला गेले.

पेठेत त्यांची मशीनं चावरी म्हणूनच ओळखली जायची.
लग्नात सनई लागली की म्हाताऱ्या कानावर पदर ओढायच्या,
आणि अंबय्या मांडवाच्या खांबाला टेकून
डोळे मिटून उभे,
सनईचं वरचं टोक
कुणी लांबच्या गावाहून आणून दिल्यासारखे.

रत्नव्वा विड्या वळता वळता
त्यांना नावानं हाक मारायच्या नाहीत.
सूप फरशीवर आपटायच्या, दोनदा.
मला वाटायचं, भांडण आहे.
चुलीवरचं दूध सांगत असायच्या,
दारातला पोस्टमन सांगत असायच्या,
आणि ते त्यांच्या तळपायांना कळायचं.

हे मला आज कळतंय, चासी मांडीवर घेऊन.
मागांच्या खडखडाटानं जे जे खाऊन टाकलं
तेवढंच त्यांनी या पिवळ्यातून परत मागितलेलं.

पंचवीसचा नवा क्लिपांनी जोडून पाहिला.
मृदंग आला. दुकानाची फळी थरथरली,
फळीवरचे डबे किणकिणले.
बरोबर आहे. पुस्तकात आहे तसं.
दोन्ही काढून पाहिलं:
आवाज लहान, खरा, थोडा रुसलेला.
परत पिवळा लावला.

सुहैल दारातून म्हणाला,
‘काका, बारक्यावर सूं होतंय बघा.’
कुठं?
‘आत्ता होतंय की.’
मी कान स्पीकरच्या कापडाला लावला.
कापड होतं.
पलीकडच्या शेडमध्ये चोवीस माग चालू होते,
गेली एकतीस वर्षं असतात तसे.

‘अजून होतंय?’
‘हां.’

पंचवीस झाळला.
गिऱ्हाइकाचे पैसे, गिऱ्हाइकाचे कान.
पत्र्यावर अंबय्यांच्या खाली तारीख घातली, नाव नाही.
पिवळा पुसून खिशात टाकला.
बिलात तो दाखवला नाही.

घरी एक मशीन आहे.
बायको म्हणते, हल्ली त्याचा आवाज
तुम्ही फार वाढवता.