यालेच काहून

देवकाबाई निमजेंनी विचारलं तेव्हा
मी नरहरीच्या दंडावरचा रबरी पट्टा सोडत होते.
"एकाच ताटात जेवले हे दोघं, पोरी.
एकाच वाकळीत निजले, एकाच मागाची धूळ खाल्ली.
मंग यालेच काहून?"
थोरला सुखदेव दारात, हातात एक्स-रेचा लखोटा.
त्याला साधं पडसंही
दोन दिवसांवर टिकलं नाही कधी.
धाकट्याचं वजन एकोणचाळीस.

म्हटलं, तेच शोधतोय आम्ही.
हे ऐकून लोक गप्प होतात.
देवकाबाई म्हणाल्या, "सापडलं की सांगजो,"
आणि पत्ता दिला दोनदा:
तांडापेठ, पिठाच्या गिरणीमागे, निळं दार.

त्या दिवशी टेबलावर संत्र्याच्या साली होत्या,
मृगाची फळं, आणि वर चिलटं.
मुळात सगळं या चिलटांचंच.
परदेशात कुणाला तरी माशीचं एक बिघडलेलं जनुक दिसलं
आणि तो आपल्या भाषेत ओरडला, टोल!
म्हणजे अफलातून, म्हणजे आयला.
नाव चिकटलं. पुढे तसलंच काही
माणसांतही निघालं.
आमचा रामटेके अजून विचारतो,
"म्याडम, वर्धा रोडवरच्या टोलनाक्यावानीच ना थे?"
आधी मी समजावत असे. आता हो म्हणते.
नाकाच आहे, पेशीच्या कातडीवर,
पावती न फाडता
प्रत्येकाचा अंगरखा चाचपणारा:
आपला, आपला, आपला,
परका.
मग भोंगा.

आणि फरक केवढा?
'सावध'मधला ध जाऊन
तिथे ज बसावा
एवढा.

मेमध्ये पारा सेहेचाळीसवर गेला त्या रात्री
मेडिकलची लाइट गेली
आणि उणे ऐंशीच्या फ्रीजरचा भोंगा वाजला नाही.
आधी तो सात वेळा उगाच वाजला होता,
म्हणून कुणीतरी त्याच्या तोंडात
कापसाचा बोळा कोंबला होता.
तीनशे बारा नळ्या थर्माकोलच्या डब्यांत घालून
रामटेके आणि मी जिना चढलो, अंधारात,
पुढे त्याचा मोबाइल दातांत धरलेला.

काही माणसांत तो उशिरा वाजतो.
काहींत एवढा, की चोर राहतो बाजूला
आणि घरालाच आग लागते.
तक्त्यात दोघांनाही आम्ही एकच शब्द लिहितो: धोका.

निकाल आले पावसाळ्यात.
नरहरीच्या दोन्ही प्रतींत ज.
सुखदेवच्या एकीत ध, एकीत ज,
अर्धा भोंगा, आणि बहुधा तेवढाच त्याला मानवला.
ताट एकच होतं, देवकाबाई.
वाढणारे दोन होते.

मग 'निरोगी' गट.
नमुना सत्तावीस: दोन्ही ज.
सत्तावीस मी आहे.
रक्त कमी पडत होतं म्हणून
स्टाफनेच दिलं होतं, चहाच्या सुट्टीत.
अठरा वर्षं थुंकीच्या डब्या उघडते आहे मी,
काही झालेलं नाही.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.
आकडा खोटा नव्हता: दीडपट.
पण दीडपट कशाच्या?
हातमागाच्या खोलीला खिडकी नाही
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

निळं दार सापडायला वेळ लागला.
नरहरी सत्तेचाळीस किलोंचा झाला होता,
सुखदेवने भिंतीत विटेएवढं भोक पाडलं होतं
आणि त्यातून उन्हाची एक पट्टी
थेट धोट्यावर पडत होती.

सांगितलं. जमेल तेवढं, ध आणि ज करून.
देवकाबाईंनी पदराने हात पुसले,
पुसलेलेच पुन्हा पुसले.
"म्हंजे माह्यातूनच गेलं?"
म्हटलं, माझ्यातही आहे ना. दोन्हीकडचं. त्याच्यासारखंच.

त्या बघत राहिल्या.
"मंग तुले काहून नाई झालं?"

मी पिशवीत हात घातला,
काहीतरी काढायचं असल्यासारखा.
आत फक्त संत्री होती, आंबियाची,
अजून हिरवट.