तांत्रिक क्षमता

अर्जातला सातवा रकाना: कंपनीची तांत्रिक क्षमता.
शब्दमर्यादा दोनशे.
मी लायस्ट्रा बिसेसर, हिशेब बघते, फोन घेते,
चेक वटला नाही तर शिव्याही मीच खाते.
त्रिनिदादच्या या दक्षिण टोकाला रात्र लवकर दाटते;
बाहेर डबल्सवाला गाडी आवरतोय
आणि माझ्यापुढे हा रिकामा चौकोन.

लिहिलं: एकूण विहिरी एकतीस. चालू अठरा.
त्यांतल्या दोन आजारी आहेत, पण आजारी म्हणजे बंद नव्हे.
लिहिलं: सर्व्हिस रिग एक.
वयानं माझ्याहून मोठी,
तिच्या विंचचा ब्रेक फक्त गिटन्सच्या पायाचं ऐकतो.
"ऐकतो" खोडलं.
"सुस्थितीत" लिहिलं.

मग सतरा नंबर आठवली.
मोठ्या कंपनीनं सोडून जाताना तिच्या फायलीवर
लाल शाईत एकच शब्द मारला होता: संपली.
कोकोच्या मळ्यामागे, सागाच्या पाचोळ्यात,
पंपाचं घोडमुख खाली घालून ती उभी होती
लग्नाला न बोलावलेल्या आत्यासारखी.

गिटन्स तिथे सोमवारी गेला.
आधी काहीच केलं नाही. डबा खाल्ला.
मग पंप सुरू करून रॉडवर तळहात ठेवला
वैद्य मनगट धरतो तसा,
आणि म्हणाला, तुटलाय. बाराशे फुटांवर.
मोजायचं यंत्र घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते.
वर ओढून काढलं, तुकडे मोजले: अकराशे ऐंशी.
त्या वीस फुटांसाठी तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
जणू मीच ते कापून घेतले होते.

खाली राहिलेलं टोक पकडायचं हत्यार भाड्यानं मिळतं.
एका दिवसाचं भाडं म्हणजे आमचं महिन्याचं डिझेल.
सुकेरननं जुन्या पाइपाचा तुकडा घेतला,
रात्रभर लेथवर बसून आत तीन दात बसवले,
भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद.
सकाळी माझ्या पेनावर करून दाखवलं.
ते पेन मला अजून परत मिळालेलं नाही.

टोक आलं. पण आत मेण,
काळपट, शिळ्या गुळासारखं, नळीभर.
गरम तेल सोडत बसलो. वाळू उपसली.
मग पाणी.
पाणी, खारं पाणी, परत पाणी.
चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला
नळीला एक उचकी लागली
आणि बादलीत तो वास.
कुणी ओरडलं नाही.
टाकी मोजायला ठेवलेल्या पोरानं, मर्व्हिननं,
बोट बुडवलं, रुमालाला पुसलं,
रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

दिवसाला साडेतीन पिंपं.
मोठ्यांच्या टाकीत एवढं झाकणाला चिकटून राहतं.
आमचं विजेचं बिल निघतं,
गिटन्सच्या मुलीची फी,
आणि सप्टेंबरात लाइन फुटली तेव्हा
ओढ्याला बांध घालायला आणलेली माती.

हो, फुटली होती. तेही लिहायला हवं.
रात्री दोनला फोन ओढ्यापलीकडच्या मिस इनेझचा.
तिच्या बदकांची पिसं धुवायला
सुकेरन स्वतः साबणाची वडी घेऊन गेला,
उजाडेपर्यंत एकेक बदक मांडीवर घेऊन बसला.
तिनं त्याला चहा दिला नाही. बरोबर केलं.
हे कुठल्या रकान्यात घालू?
सुरक्षा? मनुष्यबळ?

पडद्यावर लाल अक्षरं येतात:
शब्दमर्यादा संपली.

बघत राहते त्या शब्दाकडे.
मग "सुस्थितीत" पुसते, "ऐकतो" परत लिहिते,
आणि वर्कशॉपला फोन लावते.
सुकेरन झोपला नसणार.
त्या तीन दातांच्या हत्याराला म्हणायचं काय
हे अजून कुणी ठरवलेलंच नाही.