ऐंशीच्या ऐंशी

रबाळ्याला तिसऱ्या मजल्यावर
मी एकच शब्द लांबवतोय :
सीएजी सीएजी सीएजी.
वीसला वीस जोडले, चाळिसाला चाळीस,
जंतूंच्या पोटात ठेवले
आणि घरी गेलो.

सकाळी जेलवर पट्टी खाली घसरलेली.
अठरा गाळलेत रातोरात.
जंतूंना पाल्हाळ खपत नाही.

केतकर मॅडम म्हणाल्या,
तीस अंशावर वाढव, सदतीसवर नको.
आणि धष्टपुष्ट वसाहती सोड,
रडतराऊत उचल. त्याच शब्द राखतात.

उचलतोय. दात कोरायच्या काडीनं, एकेक.

नलूआत्याचा कप बशीत वाजू लागला
तेव्हा ती पन्नाशीची होती.
बाबांचा वाजला चाळिशीत.
(अंगात येतं म्हणाले लोक. नारळही फोडले.)
आमच्याकडे कुणी काही गाळलं नाही,
सदतीस अंशावर,
ना पिपेट ना प्रोटोकॉल,
थोडं थोडं जोडूनच पुढे दिलं.

माझं रक्त मी अजून कुणाला दिलेलं नाही.

शुक्रवारी एमआयडीसीचं पाणी बंद होतं
आणि पट्टी जागेवर. ऐंशीच्या ऐंशी.
मॅडमनी टाळीसाठी हात पुढे केला.
मीही केला,
पण आधी
उजेडात धरून पाहिला.