पासंग

तीस वर्षं तुर्भ्याच्या दाणाबंदरात काटा धरला.
क्विंटलखाली काही मोजलं नाही.
किलोभराला तर आम्ही सांडलेलं म्हणायचो.

आता कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
सकाळी सहाला, पोटात दाणा जायच्या आधी
मसाल्याच्या काट्यावर एक पक्षी उभा करतो.
एकशे अठरा ग्रॅम.
"वीस-पंचवीस जास्त," वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"पोतं एवढं जास्त भरलं असतं तर?"
तर उतरवून घेतलं असतं, बाई.

गुंड्या. कॉकटील. राखी अंग, गालावर शेंदूर.
नातीने हट्टाने आणला, मग ती बारावीत गेली
आणि हा माझ्या खात्यावर पडला.
याचे भाईबंद म्हणे पाण्यापायी कोसच्या कोस उडतात.
हा पडद्याच्या दांडीवरून फ्रिजवर जातो
आणि धापा टाकतो.
आम्ही मात्र भत्ता कोसांचा देत होतो:
वाटीभर सूर्यफूल, बिनहिशेबी.
भट्टी एवढीशी, त्यात तेलाचं सरपण,
आणि वारा घालायला पंखच नाहीत कामावर.
तेलबी मुठीत हलकी, अंगात जड.
हे मला कळायला हवं होतं.

आता राळा दीड चमचा, मोडाचे मूग,
भोपळ्याचा किस, शेवग्याचा पाला.
पाला त्यानं माझ्या तोंडावर फेकला.
मी परत ठेवला. नऊ दिवस.
दहाव्या दिवशी चोच लावली, उपकार केल्यासारखी.
सूर्यफूल मोजून चार,
कागदाच्या पुड्यांत, खिडकीच्या गजांना बांधलेलं.
सोडव आणि खा.
हमाली नाही तर वाराई नाही.

एकशे दहा. एकशे सहा. एकशे चार.
मग एका सोमवारी परत एकशे सहा.

तूट मी जन्मभर पाहिली.
आपोआप वाढ कुठल्याच मालात पाहिली नाही.
काटा पुसला, शून्यावर आणला,
पुन्हा उभा केला. एकशे सहा.
दुपारी चुना शोधायला हौसाची चंची उघडली,
तर सुपारीखाली सूर्यफुलाचे दाणे.

विचारलं नाही.
मापात पाप नको, कबूल.
पण एक पारडं आधीच झुकलेलं असेल
तर दुसऱ्यात खडा टाकायचा असतो.
दुसऱ्या दिवसापासून पुड्या चारच्या दोन केल्या.
एकशे चार. एकशे तीन.

गुंड्या दोन्ही हातांचं खातो
आणि एकाचं दुसऱ्याला सांगत नाही.
फक्त परवा, काट्यावर उभा असताना,
हुबेहूब तिच्या आवाजात म्हणाला,
"गप खा."

मी आकडा लिहून घेतला.