निळी जोडी

हॉलमध्ये निशिकांतचं विंडोज,
आतल्या खोलीत ऋजुताचं लिनक्स,
मधे एक भिंत आणि माझी खाट.
चाळीस जीबीचं कुणाचं तरी लग्न
इकडून तिकडे जायला तास लावतं.
"अकरा," ऋजुता म्हणते. "सेकंदाला अकराच एमबी.
ना दहा, ना बारा."
आठ पावलांचं अंतर.
एवढ्यात मी मुलुंड स्टेशनावरून भाजी घेऊन येतो,
वर मेथीवाल्याशी भांडूनसुद्धा.

तीन रात्री हेच.
तो म्हणतो, तुझा पेंग्विन सुस्त, राणीच्या बागेत सोडून ये.
ती म्हणते, तुझा अँटीव्हायरस आपल्या वॉचमनसारखा,
घरच्या माणसाचीही पिशवी उघडून बघतो.
अँटीव्हायरस झोपवला. अकरा.
सांबा नावाचा कुणी दुभाषा असतो म्हणे दोघांत,
त्याच्या फायलीतल्या ओळी खोडल्या,
पुन्हा लिहिल्या, पुन्हा खोडल्या.
अकरा.
मग तिनं फाइल पाठवणंच सोडलं,
या टोकाकडून त्या टोकाकडे नुसते रिकामे आकडे सोडले.
चौऱ्याण्णव मेगाबिट, पुढे ढिम्म.
"म्हणजे भांडण आपल्या दोघांचं नाहीच," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा दोघांनी भिंतीकडे पाहिलं.

मी खाटेवर. तोंडावर पेपर.
एकतीस वर्षं टेलिफोनात केबल जोडली मी,
हिंदमाताच्या मॅनहोलात गुडघाभर पाण्यात,
दातांत टॉर्च धरून:
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी.
निशीला हे अ आ इ ई च्या आधी येत होतं.
विसरला.

"तारा किती जोडल्यात?" मी पेपराखालून.
"आठ असतात, बाबा."
"असतात. जोडल्यात किती?"

मला माहीत होतं किती.
ती वायर मीच टाकलेली, निशी अकरावीत असताना.
इंटरनेटला तेव्हा चार पुरल्या.
वायर वाया घालवणं या हातांना जमलं नाही कधी,
उरलेल्यांतली निळी जोडी मी फोनला दिली,
आतल्या खोलीत, शालनच्या उशाशी.
गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं तिच्या,
आणि रात्री नऊला चिपळूणहून बहिणीचा फोन.
उठायला लागू नये, एवढंच.

लाइन कापून घेतली त्याला नऊ वर्षं झाली.
शालनला सात.
डबडं तिथंच आहे, ऋजुताच्या मॉनिटरमागे,
ती ते पुसते, कधी काही विचारत नाही.
घरात कुणी नसलं की मी उचलून बघतो.
टोन नसतो.
नसणारच. मला कुणी शिकवायला नको.

पक्कड मागितली. माझी, लाल मुठीची.
डबी उघडली तर निळी आणि पांढरी-निळी
अजून एकमेकींना पीळ घालून.
गाठ माझीच. सुटेना.
चांगली मारली होती.
निशी म्हणाला, "राहू दे बाबा, नवी वायर टाकू,
दोन-अडीचशे रुपयांचा प्रश्न."
म्हटलं, कशाला.
कापली.

ऋजुतानं टॉर्च धरला, हातात.
नवं टोक बसवताना तारा ओळीत लावायच्या असतात,
निळी जोडी बरोबर मधोमध येते,
दोन्हीकडून हिरव्यांच्या कुशीत.
दोनदा चुकलो. नजर.
तिसऱ्यांदा टोक खट्ट बसलं.

एकशे बारा.
लग्न सहा मिनिटांत पार,
वरातीसकट.
निशीनं टाळीसाठी हात पुढे केला,
मी तारांचे तुकडे वेचत होतो.

एक खोड उरलीय.
नावानं हाक मारली की लिनक्स उशिरा ओ देतं,
आकड्यांनी मारली की लगेच.
ऋजुता म्हणाली, ते उद्या बघू.
म्हटलं, आमच्यातही माणसं नंबरानंच लागायची.
चिपळूणचा अजून पाठ आहे.

झोपताना आत डोकावलो.
तिनं डबडं पुसून जागेवर ठेवलं होतं,
त्याची वायर भिंतीपर्यंत नीट सरळ केलेली,
कशालाच न जोडता.