कारण

निकाल लागून नऊ दिवस झाले, तेव्हा
पावती घेऊन वाळपईच्या ठाण्यात गेले.
आचारसंहितेत जमा झालेल्या बंदुका
कोपऱ्यात उभ्या, गळ्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या,
न्यायला कुणी न आलेल्या पोरांसारख्या.
आमची एकनळी, बारा बोअर.
चिठ्ठीवर अजून बाबांचं नाव: पुतू विठो झर्मेकर.
हवालदार म्हणाला, वारसाचा फॉर्म भरा,
आणि 'कारण' हा रकाना मोकळा ठेवू नका.

चादरीत गुंडाळून स्कूटरवर आणली.

मागच्या पडवीत वर्तमानपत्र पसरलं.
आधी मोडून पाहिली, रिकामी आहे ना.
परत पाहिली. करंगळी घालून पाहिली.
हे बाबांचं: डोळ्यावर विश्वास ठेव, बोटावर जास्त.
मग नळी उजेडाकडे धरली.
आत उजेडाच्या बांगड्या, एकात एक,
आणि मध्येच तांबूस डाग,
दोन महिन्यांच्या दमट कोठडीचा.

पितळी ब्रश, मागून पुढे, उलटा कधीच नाही.
फडकं काळं आलं, मग तपकिरी,
मग नुसतंच मळकट.
बाबा खोबरेल लावायचे. थंडीत ते गोठायचं,
घोडा आळसावायचा.
मी शिवणयंत्राचं तेल घेते, दोन थेंब,
आणि पुसून टाकते. पुसून जे उरतं तेवढं पुरतं.
दस्त्याला जवस.
पेटीत, आरोग्य केंद्रातल्या बाटल्यांमधून
मी वर्षभर साठवलेल्या
'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या.

रविवारी फोंड्याला मी पॉइंट टू टू चालवते, क्लबची.
तिथं गोळी निवडणं म्हणजे स्थळं बघणं.
नाव मोठं, भाव मोठा,
आणि पन्नास मीटरवर पाच भोकं पाच गावांना.
शेवटी सगळ्यात स्वस्त, पिवळ्या डब्यातली तिला मानवली.
पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.
त्याच लॉटचे सहा डबे घेऊन ठेवले.
रायफलीला विचारावं लागतं, सांगून चालत नाही.

इथं तसं नाही.
कागदी काडतुसं ओलीनं फुगलेली, नळीत शिरेनात;
ती वेगळी काढली, ठाण्यात द्यायला.
राहिली प्लास्टिकची अकरा.
नऊ चार नंबरची, कुळागरातल्या खेत्यांना हाकलायची.
दोन एल.जी. ती बाबांनी कशासाठी घेतली,
कोणी विचारलं नाही.
गोपीनाथदादा म्हणतो, घराच्या राखणेला एल.जी.च हवी.
मी म्हणते, दादा, चिऱ्याची भिंत फक्त बाहेरची.
आतली प्लायवूडची,
आणि तिच्यामागं तुझी मुलगी झोपते.

बाबा बंदूक माळ्यावर ठेवत,
काडतुसं देवघरामागच्या कपाटात, कुलपात.
मधे बावीस पावलं. मी मोजलीत.
ज्या वर्षी सुपारीची पोती नाहीशी होत होती,
त्या वर्षी एका रात्री विहिरीवर रहाट वाजला.
बाबांनी बंदूक उतरवली, काडतुसाला निघाले.
अर्ध्या वाटेत बाहेर कोणीतरी खोकलं.
बाबा थांबले.
तो खोकला त्यांना पाठ होता,
लहानपणी एकाच घोंगडीत ऐकलेला.
वाटणीनंतर सात वर्षं न बोललेला सख्खा भाऊ
आमच्या विहिरीचं पाणी पिऊन जात होता.
बाबांनी दिवा लावला नाही.
दुसऱ्या दिवशी कठड्यावर एक तांब्या ठेवला,
आईनं विचारलं तर म्हणाले, राहू दे.

पोती कोण नेत होतं ते कधी कळलं नाही.

नळीत एक खळगा राहिलाय. तो आता जाणार नाही.
फॉर्म समोर आहे:
पीकसंरक्षण, स्वसंरक्षण, नेमबाजी. एकावर खूण करा.
पेन उचलायला जाते तर अंगठ्याचं तेल
नेमकं त्या रकान्यात उमटतं,
आणि वर शाई धरत नाही.
उद्या दुसरा फॉर्म मागावा लागेल.
आज कपाटाची किल्ली शोधते.