जंबेरीचा खुंट

देवासच्या रस्त्याला, इंदूर संपतं असं पूर्वी जिथं वाटायचं,
तिथं उजव्या हाताला एक नाला होता.
त्याचं नाव विचारू नका,
दोन्ही काठांवर वेगवेगळं सांगत.

अलीकडे बरडखेडी, खाती लोकांची.
पलीकडे पंतांची वाडी. मराठी घरं तिथं मोजून तीन,
बाकी त्यांच्या बागेत कामाला आलेले,
आले आणि राहिलेले.
मी अठ्ठावीस वर्षं दोन्हीकडचे मीटर वाचले.
कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ होती मला.

पहिली रोपं नागपूरकडून आली,
खंडव्यापर्यंत रेल्वेनं, पुढं कशीबशी,
ओल्या गोणपाटात अडीचशे.
चाळीस वाटेतच गेली.
आणणारे सीतारामपंत बिडवई,
कचेरीतली नोकरी सोडून माती धरलेले.
लोक म्हणत, कारकुनाला मातीतलं काय कळतं?
आणि खरंच, नाहीच कळलं.
काळ्या रानात पाणी तुंबलं, मुळं कुजली,
दुसऱ्या पावसाळ्याअखेर उरली अकरा झाडं.

तेव्हा उमराव खाती नाला ओलांडून आला
धोतराच्या सोग्यात बिया घेऊन,
आपल्या कुंपणातल्या जंबेरीच्या.
म्हणाला, "इना पे बांधो, पंतजी.
खाटी है, पण मरे नी."

बांधायचं काम रुमालीचं.
अलीराजपूरकडची भिलीण, पाठीला पोर.
सालीवर एक उभी चीर, एक आडवी,
आत संत्र्याचा डोळा सरकवायचा,
वरून केळीच्या सोपटाची पट्टी.
मजुरी शेकड्यावर,
पण तीन आठवड्यांनी मोजत,
आणि लागले तेवढेच डोळे धरत.
(न लागलेल्यांचे हात काय वेगळे होते?)

मग बहार आला. मग ताहेरभाई बोहरा,
झाडावरच फळ विकत घेणारा,
बोटानं हवेत हिशेब मांडणारा.
फाळणीनंतर नारूमल, शरबताच्या बाटल्यांसकट,
त्याच्यामागे त्याच्या गावची सोळा घरं.
पाण्यावरून एकदा काठ्या निघाल्या,
दोन वर्षं नाल्यावरचा ओंडका कुणी ओलांडला नाही.
तिसऱ्या वर्षी डिंक्या आला,
तो काठ बघून आला नाही.
रात्री कंदील घेऊन दोन्हीकडची माणसं
खोडं खरवडत होती, मोरचूद लावत होती.
माझे वडील सांगत, त्या रात्री कुणी कुणाशी बोललं नाही,
चहा मात्र एकाच पातेल्यात झाला.

बोअर आले. बोअर आटले.
एकरावर लावलेली किंमत एक दिवस चौरस फुटावर आली
आणि बागा तीन उन्हाळ्यांत गेल्या.
माझ्या वहीत "बाग पंप" लिहिलेली पानं
पाठोपाठ कोरी.

आता तिथं संतरा विहार, फेज दोन.
कमानीवरचं संत्रं रंगाऱ्यानं काढलंय,
पान पिंपळाचं आहे.
नाल्यावर स्लॅब, स्लॅबवर गाड्या.
बरडखेडी आणि वाडी मिळून एकच वॉर्ड,
सकाळची कचरागाडी दोघांना एकच.
तरी म्हातारे अजून म्हणतात,
"पलीकडे जाऊन येतो."

निवृत्तीच्या वर्षी बी-चौदाला गेलो.
मीटरच्या पेटीमागून, गटाराच्या फटीतून
काटेरी फांदी वर आलेली, हातभर काटा,
खरबरीत पिवळं फळ.
घरातली मुलगी सतनाकडची, भाड्यानं राहणारी.
म्हणाली, "अंकल, ये नींबूही है ना?
हम रोज पोहे पर निचोड़ते हैं."

मी नख लावून वास घेतला.
संत्रं कापलं, डोळा मेला,
आणि खालून खुंट फुटलेला.
उमरावच्या कुंपणातला.
सांगायचं होतं तिला, रुमालीचंही.
पण मागे दोन गल्ल्या बाकी होत्या, ऊन चढत होतं.

म्हटलं, "नींबूच समझो, बेटा. काटना मत."
आणि रीडिंग लिहिलं:
चार हजार दोनशे सात.